शेलवडी पेठेचं सातवं माप

या, असे निंबाच्या सावलीला या. उन्हात उभं राहून बघण्यासारखा दगड नाही तो, आणि पेठेतलं ऊन पाहुण्याला ओळखत नाही. हा बघा. पालथी घातलेली पायली. काठ खाली, बूड वर. हात लावून बघा खुशाल, आम्ही अडवत नाही. बाजूनं बोटं फिरवा, गोल रेघा लागतील. मोजा त्या. सात आहेत. आठवी कुणालाच सापडलेली नाही, आणि शोधणारे काही थोडे नव्हते.

हा दगड उलटा करता येत नाही, असं सांगतात. मागे एका पुढाऱ्याला हुक्की आली, सरळ करून चौथऱ्यावर बसवू म्हणाला, आणि क्रेन बोलावली. क्रेनचा पट्टा तुटला. आता, मी तिथंच होतो, तो पट्टा आधीच झिजलेला होता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण पुन्हा कुणी क्रेन आणली नाही, हेही तितकंच खरं.

तुम्ही सकाळी आलात तेव्हा मोजणी चालली होती. मापाडी सात म्हणाला आणि मध्येच थांबला, मान वर केली, ओरडला, आणि तुम्ही एकमेकांकडं बघायला लागलात. भांडण लागलं असं वाटलं असेल. नवीन माणसाला वाटतंच. भांडण लागलंय खरं, पण आजचं नाही ते. बसा, सांगतो.

ही पेठ तेव्हा अशी नव्हती. पत्र्याची शेडं नव्हती, वजनाचा काटा नव्हता. हे एवढं मैदान, भोवती अडत्यांच्या ओसऱ्या, आणि जमिनीच्या पोटात पेवं. पेव म्हणजे धान्य साठवायचं खोल भुयार, तोंडावर दगडी झाकण. ज्वारी, तूर, करडई, सगळं इथं यायचं. बारा कोसांवरून बैलगाड्या यायच्या. आणि एवढ्या व्यवहाराला रीती म्हणाल तर दोनच.

पहिली रीत सौद्याची. अडत्या आणि घेणारा समोरासमोर बसायचे, हातांवर उपरणं टाकायचे, आणि उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. तोंडानं चकार शब्द नाही. किती बोटं दाबली, कुठलं बोट सोडलं, ते त्या दोघांना ठाऊक आणि उपरण्याला ठाऊक.

दुसरी रीत मोजणीची. मापाडी राशीपुढं बसला की पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. ते आजही तसंच आहे. लाभ, दोन, तीन, चार. पण तेव्हाची रीत अशी कडक, की एकदा तोंडातून लाभ निघालं की रास संपेपर्यंत आकड्याशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. मान वर करायची नाही. धान्य कुणाचं, चाललं कुठं, हे विचारायचं नाही. आणि चालू मोजणीत बाहेरच्यानंही तोंड घालायचं नाही, मग तो पाटील असो नाहीतर सरदार असो. मोजणी मध्येच तुटली तर पेठेला बट्टा लागला असं समजायचे. रीत वाईट नव्हती हो. मापाड्यानं कुणाची बाजू घेऊ नये म्हणून बांधलेली होती. चांगल्या कामासाठी बांधलेली दोरीच कधी कधी गळ्यात येते.

तर या पेठेत सातलिंग नावाचा मापाडी होता. त्याच्या मापाला लोक डोळे झाकून मान द्यायचे. शीग लावून पायली भरायची, तळहात असा फिरवायचा, दाणा इकडचा तिकडं नाही. तीस वर्षांत त्याची एक मोजणी तुटली नव्हती. एकदा म्हणे राशीतून विंचू निघाला आणि त्याच्या मनगटावर डसला. तेव्हा आकडा चालला होता एकोणचाळीस. गडी चाळीस म्हणाला, एक्केचाळीस म्हणाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण एकशे बारावर रास संपवली आणि मगच आडवा झाला. पाच गावांत त्या गोष्टीचं कौतुक झालं. सातलिंगालाही त्याचं कौतुक होतं. कुणी विषय काढला की तो उगाच मनगट चोळायचा.

आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त मन्मथ, इथला अडत्या. ती कोपऱ्यातली ओसरी दिसते का, निळ्या दाराची, ती त्याची. मन्मथाचा बाप लवकर गेला, तेव्हा त्याला सातलिंगाच्या आईनं जेवू घातलं. एकाच ताटात दोघं जेवले, एकाच ओढ्यात पोहायला शिकले. मन्मथाची ओसरी उभी राहिली तीही सातलिंगाच्या भरवशावर. लोक म्हणायचे, सातलिंग मोजतोय ना, मग मन्मथाकडंच घाला माल. सातलिंगानं उभ्या जन्मात कुणावर संशय घेतला नाही असं नाही, पण मन्मथावर घेतला नाही.

मग ते वर्ष आलं. रब्बीची ज्वारी उभ्या उभ्या वाळली. फाल्गुनात खळी झाली तेव्हा कुठं चार महिन्यांचं निघालं, कुठं दोन. पाच गावांचे लोक या निंबाखाली जमले. त्यांना भीती वेगळीच होती. घरात बियाणं ठेवलं तर ते हस्ताच्या पेरणीपर्यंत टिकायचं नाही. घरात लेकरं रडायला लागली की कुठली आई मडक्यातलं बियाणं तसंच ठेवील? ती ते जात्यात घालणारच. आणि बियाणं खाल्लं की पुढचं वर्षही गेलं. म्हणून ठरलं असं, की पाचही गावांनी आपलं बियाणं पेठेत आणून मन्मथाच्या मोठ्या पेवात घालायचं. स्वतःच्या भुकेपासून लांब ठेवायचं. हस्ताचा पाऊस पडला की ज्याचं त्यानं न्यायचं.

मन्मथ म्हणाला, “पेव माझं, राखण माझी.”

वडवळीचा म्हातारा पाटील उठला. “पेव तुमचं चांगलंय हो अप्पा. पण शब्द आम्हाला सातलिंगाचा पाहिजे.”

सातलिंगानं आपली पायली उचलली. शिसवी लाकडाची होती, पितळी कड्यांची. तिच्यावर हात ठेवून तो म्हणाला, “हस्ताच्या पहिल्या पावसाला याच मापानं ज्याचं त्याला परत घालीन. तोवर मागायला माझी आई जरी आली, तरी मूठभर मिळणार नाही.”

सगळ्यांना बरं वाटलं. पण शब्द देताना माणूस आईचं नाव सहज घेतो. येते कोण, ते पुढं कळतं.

बियाणं पेवात घालताना प्रत्येक गावच्या बायांनी आपापली ओळखीची गाठ त्यात टाकली. फडक्यात निंबाचा पाला आणि बिब्बा, वर दोऱ्याचा पीळ. कीड लागत नाही, आणि बियाणं आपलं आहे हे कळतं. सातलिंगाची धाकटी बहीण सुगला वडवळीला दिलेली होती. तिच्याजवळ कोरं फडकं नव्हतं. तिनं आपल्या तीन वर्षांच्या लेकीच्या, चन्नीच्या, जुन्या कुंचीचा तांबडा तुकडा फाडला, गाठ बांधली, आणि हात खांद्यापर्यंत धान्यात घालून ती पार खोल खुपसली. सातलिंग हसला. म्हणाला, “अगं, कोण चोरतंय तुझी गाठ?”

मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. गावात लोक झाडपाला उकडून खायला लागले. ज्येष्ठाच्या अखेरीला सुगला चालत शेलवडीला आली. भावाच्या दारात बसली. पाणी प्यायली, आणि म्हणाली, “दादा, दोन मुठी दे. माझ्या वाट्यातल्याच दे. चन्नी उठंना झालीया.”

सातलिंगाच्या घरात तरी काय होतं? त्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या पदरात घातली. मग म्हणाला, “सुगले, ते बियाणं आहे. मी पाच गावांना शब्द दिलाय. तुला दिलं तर उद्या दुसरीला नाही कसं म्हणू?”

सुगला भांडली नाही. शहाणी बाई होती, तिला ते पटलं. पटलं म्हणूनच तर उठून गेली. जाताना एवढंच विचारलं, “पण आहे ना रे दादा नीट?”

“पेवावर मन्मथ बसलाय,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा नीट आहे.”

आषाढात चन्नी गेली. सातलिंग वडवळीला गेला. लेकराला मूठमाती दिली, तिसऱ्या दिवसाचं उरकलं, बहिणीपाशी आणखी दोन दिवस बसला. सुगलानं एकदाच म्हटलं, “दादा, आता हस्ताला पेरायचं. तिचा जीव त्यात गेलाय, ते उगवलं पाहिजे.” त्यानं मान हलवली.

पाच दिवसांनी तो पेठेत परतला तर मैदानात ही मोठी रास पडलेली. मन्मथाच्या ओसरीपुढं लांबच्या लष्करी छावणीचा खरेदीदार बसलेला, वीसेक गाड्या जुंपून तयार. दोघांच्या हातांवर उपरणं. भाव ठरून गेला होता. मन्मथानं सातलिंगाला बघितलं आणि म्हणाला, “आलास? बरं झालं. बस मोजायला, माणसं खोळंबलीत.”

चन्नीचं काय झालं, हे त्यानं विचारलं नाही. सातलिंगाला ते लागलं. पण घाईत असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. दोस्ताचं सोडून द्यायची सवयच असते माणसाला. रास कुणाची हे विचारायची रीत नव्हती, त्यानं विचारलं नाही. राशीच्या वरच्या थराला विदर्भाकडची भरडी ज्वारी दिसत होती. तो मांडी घालून बसला, पायली पुढं ओढली, आणि म्हणाला, “लाभ.”

दोन. तीन. चार. हाताला दाणा ओळखीचा लागायला लागला. पाच. सहा. सातव्या मापाला त्यानं राशीत हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. त्यानं ते बाहेर काढलं. तांबड्या कुंचीचा तुकडा. दोऱ्याचा पीळ. बाकीच्या चार गावांच्या गाठी मन्मथानं वेचून फेकून दिल्या होत्या. ही खोल होती म्हणून राहिली.

सातलिंगाला कळलं. सगळं कळलं. तीस वर्षांची जीभ मात्र आपली आपण बोलून गेली, “सात.”

आता बघा, हा माणूस तिथंच ओरडला असता तर? पायली फेकली असती, उठून उभा राहिला असता, तर गाड्या रिकाम्या परतल्या असत्या. एवढं सोपं होतं. पण मोजणी तोडायची नसते. विंचू डसला तरी नाही तोडली. आणि दुसरं, तेही खरं सांगायला पाहिजे. त्याच्या मनानं मन्मथाची बाजू घेतली. पेवात दमट झालं असेल, ऊन द्यायला काढलं असेल, चुकून या राशीत मिसळलं असेल, मन्मथ असं करणार नाही, मोजणी संपली की विचारू. माणूस बुडताना असं काहीबाही धरून ठेवतो. गाठ त्यानं कमरेला खोचली, आणि म्हणाला, “आठ.”

रास संपायला दुपार टळली. त्याच्या मागं एकेक गाडी भरून निघत होती आणि चाकांचा आवाज त्याला ऐकू येत होता. शेवटचा आकडा म्हणून तो उठला तेव्हा शेवटची गाडी वेशीजवळ होती. तो मन्मथापुढं गेला आणि कमरेची गाठ काढून दाखवली.

“हे काय आहे मन्मथा?”

मन्मथ उपरण्याची घडी घालत होता. “ओरडू नको. असा भाव पुन्हा येणार नाही. हस्ताच्या आत दुसरीकडची आणून भरतो. त्यांना ज्वारी पाहिजे, मिळेल. कुणाला कळतंय?”

“मला कळलं.”

“कधी?”

सातलिंगाची नजर पायलीकडं गेली. मन्मथानं त्याच्याकडं नीट बघितलं आणि त्याला उमगलं. म्हणे तो हसला नाही, रागावला नाही, नुसता सुटल्यासारखा झाला. “मग तूही मोजलंसच की,” तो म्हणाला. “आता आपण दोघं आहोत.”

या वाक्यासाठी मला मन्मथाची जितकी चीड येते तितकी विकल्याबद्दलही येत नाही. विकलं ते हावेनं. हे मात्र विचार करून बोलला.

तरी सातलिंगानं दोन महिने वाट बघितली. मन्मथ ज्वारी आणील, पेव भरेल, कुणाला कळायच्या आत सगळं जागच्या जागी येईल. मन्मथानं गाड्या पाठवल्याही म्हणे, पण त्या वर्षी चार मुलखांत बियाणं नव्हतं, येणार कुठून? आणि नेमका त्या वर्षी हस्त असा बरसला की म्हाताऱ्यांनी हात जोडले. जमिनीला वाफसा आला. पाच गावं गाड्या जुंपून, रिकामी पोती घेऊन, गाणी म्हणत शेलवडीला आली. उपाशी माणसं, पण गाणी म्हणत आली.

पेवाचं झाकण काढलं. एकानं आत हाक मारली तर त्याचीच हाक परत आली.

मग जे व्हायचं ते झालं. लोकांनी मन्मथाच्या ओसरीला वेढा घातला. मन्मथ पायरीवर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “मी तुम्हाला काही शब्द दिला होता का? शब्द कुणाचा होता? आणि रास मोजली कुणी, विचारा हमालांना.”

हमालांनी खरं तेच सांगितलं. त्यांचं काय चुकलं? रास सातलिंगानं मोजली हे सगळ्या पेठेनं बघितलं होतं. उपरण्याखाली काय झालं ते कुणीच बघितलं नव्हतं.

सातलिंगाला वाटलं होतं, ऐन वेळेला हा माणूस आपल्या बाजूला उभा राहील. शिव्या दोघं मिळून खाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलंसुद्धा होतं. त्यानं मन्मथाकडं बघितलं. मन्मथ दुसरीकडं बघत होता. एकाच ताटात जेवलेला माणूस त्या दिवशी त्याला पहिल्यांदा नीट दिसला.

“मी मोजलं,” सातलिंग म्हणाला. “खरं आहे.”

गर्दीतून सुगला पुढं आली. त्यानं कमरेची गाठ काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती ओळखली. हातात घेतली नाही.

“ही कधी सापडली दादा?”

“सातव्या मापाला.”

“आणि माप किती झालं?”

किती झालं ते त्याच्याइतकं कुणाला पाठ होतं?

“सातव्याला कळलं, तर तोंड का उघडलं नाहीस?”

“मोजणी तुटली असती सुगले. रीत होती.”

“मी दोन मुठी मागायला आले तेव्हाही रीतच होती,” सुगला म्हणाली. “माझ्या लेकराच्या तोंडातलं तू राखलंस, आणि दुसऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं भरलंस. मन्मथ परका होता रे. तू नव्हतास.” ती वळली आणि रिकाम्या गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर सातलिंग घरी गेला नाही. त्यानं पायली घेतली, पेवाच्या उघड्या तोंडापाशी, म्हणजे आत्ता आपण बसलोय तिथं, मांडी घातली आणि मोजणी सुरू केली. पुढं रास नाही, दाणा नाही. रिकामी पायली भरल्यासारखी करायची, तळहात फिरवायचा, ओतायची. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सातावर थांबायचा. मान वर करायचा, जी तीस वर्षांत केली नव्हती, आणि मन्मथाच्या ओसरीकडं बघून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं विचारायचा, “धान्य कुणाचं? चाललं कुठं?” उत्तर आलं नाही की पुन्हा लाभ.

पेठ अडली. बाहेरच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, पण दुसरे मापाडी बसेनात. सातलिंगाची मोजणी चालू आहे, म्हणाले, ती संपू दे. अडते चिडले, पण करणार काय? चालू मोजणीत कुणी तोंड घालायचं नाही, ही त्यांचीच रीत. ज्या रीतीनं त्याचं तोंड बांधलं होतं, तीच त्यानं पेठेच्या दारात आडवी टाकली. अन्न नाही, पाणी नाही. निळ्या दाराआड मन्मथ बसून होता. प्रत्येक वेळी ते दोन प्रश्न आत जायचे. दार काही उघडलं नाही.

नवव्या दिवशी आवाज बसला होता, नुसते ओठ हलायचे. लाभ ते सहा कुणाला ऐकू आलं नाही. सात मात्र स्पष्ट आलं म्हणे. मग त्यानं पायली पालथी घातली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि मान वर केली ती तशीच राहिली.

तेव्हा कुठं निळं दार उघडलं. मन्मथ बाहेर आला. उपरणं अंगावर नव्हतं, दोन्ही हात डोक्याच्या वर धरलेले, तळवे उघडे. मैदानाच्या मधोमध येऊन तो ओरडला, “पाच गावांचं होतं! मी विकलं! छावणीला गेलं!” तीन वेळा ओरडला. पण आठ म्हणायला समोर कुणी नव्हतं. लोकांनी सातलिंगाला बसल्या जागी, बसलेलाच, समाधी दिली. वर त्याची पायली पालथी ठेवली. सकाळी बघतात तर लाकडाचा दगड झालेला, आणि अंगावर सात रेघा. असं सांगतात. मी बघायला नव्हतो, पण रेघा तुम्ही मोजल्यात.

लाजेखातर म्हणा, भीतीपोटी म्हणा, बाकीच्या अडत्यांनी आपापल्या खाजगी पेवांतली ज्वारी काढली. चार गावांची अर्धीअधिक रानं पेरली गेली. ती गावं पुढं हळूहळू पेठेत परतली. मन्मथानं आपला वाटा, होतं नव्हतं ते बियाणं, डोक्यावर घेतलं आणि चालत वडवळीला गेला. सुगला दारातच उभी होती. तिनं त्याला पाणी दिलं. दारी आलेल्याला पाणी द्यायचं तिनं सोडलं नाही. मग विचारलं, “हे मोजणार कोण?”

मन्मथानं रिकामा तांब्या खाली ठेवला.

“माझा दादा सातावर थांबलाय,” ती म्हणाली. “आठ झाले की या.” आणि ती आत गेली.

रडली असेल का हो आत जाऊन? भावावर तिचा राग होता, पण ‘माझा दादा’ म्हणाली. मी पुष्कळदा याचा विचार करतो.

आजही या पेठेत उपरण्याखाली सौदा होत नाही. इथला अडत्या हात डोक्याच्या वर धरून, तळवे उघडे ठेवून भाव बोलतो. काटे आले, पोत्यांवर छापील चिठ्ठ्या आल्या, तरी हंगामाच्या पहिल्या राशीला मापाडी पायली घेऊन बसतो. सातव्या मापाला थांबतो, मान वर करतो आणि विचारतो, “धान्य कुणाचं? चाललं कुठं?” ज्याचं धान्य असेल त्यानं स्वतःच्या तोंडानं उत्तर दिल्याशिवाय आठवं माप पडत नाही. तुम्ही सकाळी ऐकलंत ते हेच.

आणि आजही वडवळीचा एक दाणा शेलवडीत येत नाही. शिवेवरून मैदान दिसतं, पण त्यांच्या गाड्या, आता ट्रॅक्टर, वळसा घालून बारा कोसांवरच्या बाजाराला जातात. दरवर्षी हस्ताच्या आधी पेठेतर्फे नारळ घेऊन त्यांना बोलवायला जावं लागतं. ते काम एकाच घराकडं चालत आलंय. ती निळ्या दाराची ओसरी माझी आहे. नारळ मीच नेतो, माझे वडील न्यायचे, त्यांचे वडील न्यायचे. आधीच सांगितलं असतं तर तुम्ही गोष्ट नीट ऐकली नसती.

यंदाही गेलो होतो. सुगलाच्या घरातली म्हातारी ओट्यावर शेंगा निवडत होती. मला बघितलं, उठली, तांब्याभर पाणी आणून दिलं. मी नारळ पुढं ठेवला आणि म्हणालो, “आई, यंदा तरी या.”

तिनं नारळ हळूच माझ्याकडं परत सरकवला.

“सातच झालेत अजून, अप्पा,” ती म्हणाली. “पाणी प्या, ऊन फार आहे.”